मूल होणे आणि मूल ठरवणे

१५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून बोलताना पंतप्रधानांनी ‘लोकसंख्येच्या विस्फोटा’बद्दल चिंता व्यक्त केली आणि कुटुंब लहान ठेवणे ही एक प्रकारची देशभक्तीच होय, असे सांगितले. १ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सरसंघचालकांनी याच्या नेमके उलट सांगितले. जननदर २.१ च्या खाली गेला की समाज नाहीसा होतो, म्हणून दोनाहून अधिक, म्हणजे तीन अपत्ये हवीत, असा त्यांचा हिशेब होता. त्याआधी ऑक्टोबरात आंध्र प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनीही जोडप्यांना अधिक मुलांचे आवाहन केलेले होतेच. पाच वर्षांत उपदेश पालथा झाला. उपदेश करणाऱ्यांपैकी कोणी ज्यांना मुले व्हायची त्या जोडप्यांना काही विचारले होते काय? विचारल्याचे कोठे नमूद नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की या दोन्ही भाषणांची वाट न पाहता लोकांनी आपला निर्णय केव्हाच घेतलेला होता. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर ३.४ होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो २.० वर आलेला आढळतो. महाराष्ट्रात तो १.७ आणि आमच्या छत्तीसगढात १.८ आहे. विस्फोटाचे भाषण झाले तेव्हा स्फोटाची वात विझत आलेली होती. परंतु आकडा खाली आला म्हणजे निर्णय मोकळेपणाने झाला, असे मानण्याची चूक आपण तरी करू नये. एकच मूल असलेली दोन घरे पाहणीच्या तक्त्यात सारखीच दिसतात. एकात मूल एकच हवे होते, दुसऱ्यात दुसऱ्याची भीती वाटली. तक्त्याला भीतीचा रकाना नसतो.

मी या पत्राच्या मराठी आवृत्तीसाठी भाषांतराचे काम करतो. या विषयावरील एका ठरावाचे भाषांतर करताना मला एक अडचण आली, ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मूळ मसुद्यात जोडप्याच्या ‘निवडी’बद्दल लिहिलेले होते. मराठीत मात्र मूल ‘होते’, दिवस ‘जातात’, दुसरे ‘राहते’, पाळणा ‘हलतो’. यांपैकी एकाही क्रियापदाला कर्ता नाही. जे आपोआप घडते त्याला निवड कशी म्हणावी, या विचारात मी बराच वेळ घालवला आणि अखेर ‘निर्णय’ हा शब्द वापरून मोकळा झालो. तो शब्द चुकीचा नव्हता. पण त्याने एक गोष्ट झाकली. आपल्या बोलण्यात ज्या निर्णयाला कर्ताच नाही, त्या निर्णयावर बाहेरून कोणीही येऊन मालकी सांगू शकतो: सासू, सरकार, ठेकेदार, शाळा.

भिलाईत ही मालकी कशी चालते हे उघड्या डोळ्यांना दिसते, कारण हे शहर एका करारातून जन्मले आणि त्यातील दोन प्रकारचे जीवन एका भिंतीच्या दोन बाजूंना उभे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टर वसले. शाळा, दवाखाना, बाजार, पुढे सेक्टर नऊचे मोठे रुग्णालय. विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे या सेक्टरांत स्थिरावली. माझे घर त्यांपैकीच एक. भिंतीच्या पलीकडे कॅम्प, खुर्सीपार, जामुल. तेथे कंत्राटी कामगार राहतो. तो त्याच कारखान्याच्या दारातून आत जातो, परंतु त्याचे हजेरीपुस्तक निराळे असते. जोनाथन पॅरी या मानवशास्त्रज्ञाने १९९३ पासून वर्षानुवर्षे येथे येऊन जो अभ्यास केला, त्यावरील त्याचे ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे पुस्तक २०२० मध्ये निघाले. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार हे एका वर्गाचे दोन थर नसून दोन वेगळे वर्ग होत, त्यांचे विवाह आणि मुलांचे संगोपनही निरनिराळ्या वाटांनी जाते, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘दोन वर्ग’ हा शब्द मला मान्य नाही. शोषणाची यंत्रणा एकच आहे. परंतु त्याने जे पाहिले ते खोटे आहे असे येथे राहणारा कोणीही म्हणणार नाही.

कायम कामगाराच्या घरात मूल म्हणजे आता एक परीक्षा आहे. १९८० च्या दशकात पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. आज ती संख्या त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उरली आहे. ज्या पित्याला दहावीच्या बळावर नोकरी, क्वार्टर आणि निवृत्तिवेतन मिळाले, त्याला ठाऊक आहे की आपल्या मुलाला ते मिळणार नाही. म्हणून मूल पाचवीत असतानाच त्याच्या पुढे आयआयटीचे नाव उभे राहते. भिलाईच्या शिकवणी वर्गांची ख्याती त्यासाठी दूरवर पसरलेली आहे. ज्या घरात एका मुलावर एवढा खर्च आणि एवढी चिंता करावयाची, तेथे दुसऱ्या मुलाचा विषय निघण्यापूर्वीच मिटतो. ‘आम्ही एकावरच थांबलो’ असे पतिपत्नी हसून सांगतात. हा विचारपूर्वक निर्णय आहे हे खरे. पण आपली पत पोराच्या पिढीत टिकेल की नाही या धास्तीने तो घेतला गेला, हेही तितकेच खरे. या धास्तीचे ओझे कोणाच्या खांद्यावर येते? त्या एकट्या मुलाच्या.

भिंतीच्या पलीकडे हिशेब वेगळा. तेथे उद्याचे कामच निश्चित नाही, मग पंधरा वर्षांनंतरच्या परीक्षेची चिंता कोण करणार? लग्न लवकर, मुले लागोपाठ, आणि पंचविशीच्या आत-बाहेर बाईचे ऑपरेशन. या क्रमाला आपले शिकलेले लोक ‘अज्ञान’ म्हणतात. मला त्यात अज्ञान कमी आणि गणित अधिक दिसते. ज्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळणारच नाही, तिने तरुणपणीच दोन-तीन बाळंतपणे उरकून पुढची वीस वर्षे खाड्याशिवाय कामाला मोकळी करावी, यात तर्क नाही काय? १९७२ मध्ये महमूद ममदानी यांनी पंजाबातील मनूपुर या गावाबद्दल लिहिले, ते येथे आठवते. परदेशी पैशाने चाललेल्या संततिनियमनाच्या प्रयोगात गावकऱ्यांनी गोळ्या नम्रपणे घेतल्या आणि ठेवून दिल्या. शेतावर हात हवे होते, म्हातारपणी आधार हवा होता. पुस्तकाला आता पन्नास वर्षे उलटून गेली आणि मुलांची संख्या सगळीकडेच घटली. पण म्हातारपणाचा आधार म्हणून किमान एक मुलगा हवाच, ही भावना सेक्टरात आणि कॅम्पात दोन्हीकडे टिकून आहे. दोन मुली झालेल्या घरात तिसऱ्या वेळचे नवस आणि तिसऱ्या वेळची चोरटी सोनोग्राफी कशासाठी होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मराठी साथींना याचे सर्वांत भीषण उदाहरण आपल्याच राज्यात सापडेल. ऊसतोडणीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल दोघांची एकत्र, खाडा झाला तर दंडही दोघांना. पाळी, गर्भारपण, अंगावरचे दुखणे, हे सारे त्या हिशेबात नुकसान. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या बायांवर कोणी बंदूक रोखलेली नव्हती. कित्येकींनी स्वतःच संमती दिली. मनावर व्यवस्थेचा पगडा बसतो तो असा: आपल्या हातावरची बेडी आपणच मागून घेतली, असे वाटू लागते.

आता या संमतीचे सरकार काय करते तेही पाहू. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी भिलाईपासून काही तासांच्या अंतरावर, बिलासपूर जिल्ह्यातील तखतपूर भागात, एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयाच्या इमारतीत नसबंदीचे शिबिर भरले. काही तासांत एका शल्यचिकित्सकाने ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरातील आणि त्यानंतर दोन दिवसांनी जिल्ह्यातच झालेल्या शिबिरांतील मिळून तेरा तरुण स्त्रिया मरण पावल्या. बहुतेक दलित, आदिवासी, मागास जातींच्या. प्रत्येकीला सहाशे रुपये मिळावयाचे होते. १४ सप्टेंबर २०१६ रोजी, देविका विश्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

आणि त्याच प्रदेशात दुसरे टोक होते. १९७९ मध्ये मध्य प्रदेश सरकारने आदेश काढून बैगा आणि त्यांच्यासारख्या इतर लहान जमातींच्या नसबंदीवर बंदी घातली, कारण त्यांची संख्या घटेल अशी भीती होती. छत्तीसगढ वेगळे झाले तरी आदेश राहिला. मुले पुरे झाली, आता नको, असे म्हणणाऱ्या बैगा बाईला सरकारी दवाखान्यातून परत पाठवले जाई. मग ती जात लपवून किंवा पैसे भरून दुसरीकडे वाट शोधी. अखेर २०१७ मध्ये काही बैगा स्त्री-पुरुष जन स्वास्थ्य अभियानाच्या सोबतीने उच्च न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षाअखेर निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका बाईला नको असता शिबिराच्या रांगेत उभे करावयाचे, दुसरीला हवे असता दारातून घालवावयाचे. दोघींचा दोष एकच, त्या कोणाच्या तरी आकडेवारीत बसत होत्या.

येथपर्यंत व्यवस्थेवर बोट ठेवणे सोपे गेले. आता थोडे आपल्यावर.

२०१९-२१ च्या पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी नसबंदी करून घेतलेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या जोडप्यांचे प्रमाण होते ०.३ टक्के. आणीबाणीच्या आठवणीने पुरुष बिचकले, असे यावर सांगितले जाते. १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या, हे खरेच. त्या जुलमाने पुरुषांच्या मनात भीती घातली हेही खरे. परंतु १९७७ नंतर ती भीती टाळण्याची किंमत बायकांच्या पोटावर वसूल झाली आणि आपण पुरुष गप्प राहिलो. त्या भीतीला आता पन्नास वर्षे होत आली. ज्यांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, तेही तिचा आधार घेतात. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, प्राध्यापकी गमावली. आणि मूल न होऊ देण्याचा निर्णय मालतीबाईंच्या सोबतीने घेतल्यावर शस्त्रक्रिया स्वतःवर करून घेतली. कर्वे आपल्या विचाराचे नव्हते. पण या एका बाबतीत त्यांच्या शेजारी उभे राहू शकतील असे किती कॉम्रेड आपल्या जिल्हा समित्यांत आहेत?

मी त्यांत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझी पत्नी एका खासगी शाळेत करारावर शिकवते. करार दर वर्षी जूनमध्ये नवा होतो आणि गरोदर शिक्षिकेचा तो नवा होत नाही, हे तेथे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण सर्वांना ठाऊक आहे. माझे मानधन कार्यकर्त्याचे. आमच्या लग्नाला सात वर्षे झाली. गणपतीत भेटणाऱ्या मावश्या दर वर्षी तिलाच बाजूला घेऊन विचारतात, “काय गं, काही गोड बातमी?” मला कोणी विचारत नाही. मी तिला एकदा म्हणालो, “तू ठरव, तुझा निर्णय मला मान्य असेल.” हे वाक्य मला पुरोगामी वाटले होते. ती म्हणाली, “तू ठरव म्हणजे तूच निस्तर, असंच ना?” त्या संध्याकाळी आमचे पुढे बोलणे झाले नाही. नंतर लक्षात आले की मी निर्णय तिला दिला नव्हता, धास्ती तेवढी दिली होती. नोकरी तिची जाणार, रात्री तिच्या जागणार, आणि मूल नको म्हटले तर मावश्यांना उत्तरही तीच देणार. यातले माझ्याकडे काय होते? मान्यता.

या प्रश्नावर आपल्या चळवळीचा पूर्वेतिहास काय सांगतो? १९१३ मध्ये रशियातील पिरोगोव्ह डॉक्टर परिषदेत, हालअपेष्टा भोगण्यासाठी मुले कशाला जन्माला घालावयाची, अशा आशयाच्या भाषणाला टाळ्या पडल्या. लेनिनने त्यावर ‘प्रावदा’त लिहिले. हा खचलेल्या मध्यमवर्गीयाचा सूर आहे, लढणारा कामगार असा हताश होत नाही, असे त्याने बजावले. परंतु त्याच लेखात गर्भपाताला शिक्षा देणारे सर्व कायदे बिनशर्त रद्द करण्याची आणि संततिनियमनाच्या वैद्यकीय माहितीच्या प्रसाराला मुभा देण्याची मागणी आहे. आपल्या अभ्यासवर्गांत या लेखाचा पहिला भाग नेहमी सांगितला जातो, दुसरा गाळला जातो. पहिल्या भागाबद्दलही मला थोडे अवघड वाटते. पुढच्या पिढीने आपल्याहून चांगले लढावे म्हणून मुले हवीत, हे म्हणणे उमदे आहे. पण नऊ महिने वाहून नेणारीचे मत त्यात कोठे आले? सोव्हिएत सत्तेने १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला, १९३६ मध्ये त्यावर पुन्हा बंदी घातली आणि १९५५ मध्ये ती उठवली. भिलाईचा करार झाला तेच हे वर्ष. मधली एकोणीस वर्षे आपल्या पुस्तिकांत फारशी आढळत नाहीत. मी स्वतः जुन्या पुस्तिकांची भाषांतरे पुन्हा तपासली आहेत, म्हणून सांगतो. पुढे चीनमध्ये एकाच अपत्याची सक्ती साडेतीन दशके चालली आणि २०२१ मध्ये तेच सरकार तीन अपत्यांना परवानगी देऊ लागले. सक्ती लाल शाईने लिहिली म्हणून ती जोडप्याची इच्छा होत नाही.

याउलट जे आपल्या अगदी शेजारी घडले त्याकडे आपले लक्ष कमी गेले. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्लीराजहऱ्याच्या खाणीतील कंत्राटी कामगार १९७७ मध्ये प्रस्थापित युनियन सोडून शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत गेले. त्या प्रस्थापित युनियनांत डाव्यांचीही होती, हे आपल्याला अजून गिळता येत नाही. २ आणि ३ जून १९७७ च्या गोळीबारात अकरा जण ठार झाले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांवाचून मरण पावल्या. हजारो खाणकामगार जमले. बाळंतपणाने बाई मरणार नाही असा दवाखाना आपणच बांधू, असे त्यांनी ठरवले. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. बिनायक सेन, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे आले. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच झाली. रुग्णालय त्यांच्या मागे टिकले.

त्या खाणकामगारांनी मुले किती असावीत यावर ठराव केला नाही. बाळंतपणाची भीती ही बाईची खासगी बाब आहे, असेही ते म्हणाले नाहीत. ज्या भीतीपोटी घरातला निर्णय बिघडतो ती भीती त्यांनी संघटनेच्या विषयपत्रिकेवर आणली. आपण मात्र महागाई, वेतन, खासगीकरण यांवर तासन्‌तास बोलतो आणि जोडप्याच्या खोलीचे दार आले की चष्मा पुसू लागतो. वस्तुतः त्या खोलीत वेतनाचाच प्रश्न असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बाळंतिणीला किमान सहा हजार रुपयांचे आश्वासन दिले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ते पाच हजार केले आणि तेही पहिल्या अपत्यापुरते. त्याच वर्षी प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण बारा महिन्यांत ऐंशी दिवसांची हजेरी ठेकेदाराच्या पुस्तकात दाखवता आली तर. ती कोणाला दाखवता येते, हे कॅम्पात जाऊन विचारावे.

गेल्या महिन्यात येथील कंत्राटी कामगारांचे मागणीपत्र मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात पाळणाघराची मागणी अकराव्या क्रमांकावर होती. वाटाघाटीत अकरावा क्रमांक काय कामाचा असतो हे युनियनमध्ये काम केलेल्यांना सांगावयास नको. पहिल्या चहाबरोबर तो सोडून दिला जातो. ती मागणी तिसऱ्या क्रमांकावर घ्यावी अशी लेखी सूचना मी पुढील बैठकीसाठी दिली आहे. शब्दरचना जुन्याच धर्तीची ठेवली होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तीसहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले होते, त्यावरून मी लिहिले, ‘स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघर’. कागद टेबलावर होता. पत्नीने तो वाचला, पेन घेतले आणि पहिला शब्द खोडला.